बाबांच्या नावेसाठी घेतलेला रेडिओ

खरेदी हा माझा पोटापाण्याचा धंदा. आमच्या शहराच्या रिछाई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यासाठी मी यंत्रांचे सुटे भाग विकत घेते, आणि दुकानदाराच्या गोड बोलण्याला मी भुलत नाही असा माझा तोरा होता. म्हणून कामासाठी सिंगापूरला जायचं ठरलं तेव्हा बाबांच्या नावेसाठी रेडिओही मीच आणणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

संरक्षण खात्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर बाबांनी नर्मदेवरच्या बरगी धरणाच्या पाण्यावर एक जुनी नाव घेतली होती, लहानशी मोटर लावलेली. मासे धरायला नव्हे, आमच्याकडे मासे चालत नाहीत. नुसतं फिरायचं. पण आत खोल गेलं की फोनची रेंज जाते, आणि मागल्या वर्षी त्यांना स्टेंट बसला. तरी आई त्यांना जाऊ द्यायची. ‘नर्मदामाई सांभाळेल’ म्हणायची आणि ते येईपर्यंत चेरीतालच्या आमच्या घरात आत-बाहेर करत राहायची. मला ते बघवत नसे.

सिंगापूरला बंदराजवळच्या दुकानात बोटीवरून काठाशी बोलायचे, हातात मावणारे सेट होते. पाण्यात पडला तर तरंगतो, वर दिवा लुकलुकतो. दुकानदारानं बादलीत टाकून दाखवला. एक सेट बाबांकडे, दुसरा काठावर नाव सांभाळणाऱ्या भैयाकडे, असा माझा हिशोब. ‘तुमच्या देशात याला परवाना लागेल, आधी विचारून घ्या,’ दुकानदार म्हणाला. माल खपवायचा सोडून हा नियम सांगतोय म्हणून तो मला भलताच प्रामाणिक वाटला, आणि मी दोन्ही सेट घेऊन टाकले.

घरी आईनं सेट हातात घेतला आणि तिचे डोळे भरून आले. बाबांनी खोक्यावरचं सगळं वाचलं.

“विमानतळावर दाखवला होता?”

“कोणी विचारलंच नाही.”

“परवाना?”

“बाबा, धरणावर कोण बघतं?”

“अच्छा! वायरलेस सेट, तोही बाहेरचा, अन् फॅक्टरीवाल्याच्या घरात! काहून आणला तू हा?”

ज्या माणसाचा जेवणाचा डबा उभ्या नोकरीत रोज फाटकावर उघडून बघितला गेला, तो चोरून बटण दाबणार नाही, हे मला नाही तर कुणाला कळायला हवं होतं? त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला, सेट घरी आहेत हेही त्यात लिहिलं, आणि दोन्ही कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पुढच्या रविवारी ते टोपी घालून निघाले, तर आई दारात उभी.

“रेडिओ घेऊन जा.”

“परवाना नाही अजून.”

“मग जाऊ नका. जीव वाचवायची वस्तू घरात आहे, अन् तुम्ही तसेच जाऊन राहिले?”

“आजवर तसाच तं जात होतो.”

“आजवर वस्तू नव्हती ना, जी.”

बाबांनी टोपी काढली. आईचा नर्मदेवरचा भरवसा उडाला होता असं नाही. पण उपाय कपाटात असताना देवावर हवाला ठेवणं तिला पाप वाटू लागलं. मी तिच्यावर चिडले, मग बाबांवर चिडले. दोघंही आपापल्या जागी बरोबर होती, त्यामुळे माझा राग कुठं ठरेना. अर्जाचं उत्तर येत नव्हतं. बाबा रविवारी बाजारात कमानिया गेटपर्यंत चालत जात, काहीबाही घेऊन परत येत आणि पेपर वाचता वाचता खुर्चीतच झोपत. घरात कोणी भांडत नव्हतं. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी भैयाचा फोन आला. नाव पडून खराब होतेय, एक गिऱ्हाईक आहे.

“दे दो,” बाबा म्हणाले.

“चलो, एक काळजी मिटली,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

माझा धीर सुटला. “बाबा, विकू नका. मी सेट फेकून देते. आईला मी बघते. तुम्ही जा.”

आईला ऐकू जाऊ नये म्हणून बाबांनी आवाज खाली आणला.

“मी तिकडे गेलो तं ही इकडे काळजीनं अर्धी होईल, बेटा. हिला तसं ठेवून नाव मला चालवता येत नाही.”