ओरखडा नसलेलं कुलूप

समजा, समोर बंद कुलूप आहे आणि किल्ली हरवलीय. तुम्ही बारीक तार आत सरकवता. आत पाच पिना असतात. एकेक हलकेच वर उचलायची, ती जागेवर बसल्याचं बोटाला कळलं की पुढची. घाई केलीत तर सगळ्या खाली.

किल्लीमामाला हे दोन मिनिटांत जमायचं, आणि तेच त्याला भोवलं.

मंगळवारी दुपारी घड्याळजीचं दुकान कुणीतरी साफ केलं. कुलूप शाबूत. दुसऱ्या दिवशी फौजदार साहेबांनी मामाला ठाण्यात बोलावलं, ‘जरा माहिती हवीय’ म्हणून. टेबलावर तेच कुलूप. कुणी काही विचारायच्या आत मामाने ते उचललं, उजेडात धरलं आणि बोलून गेला, "वा, काय हात आहे. असं काम या भागात मी सोडून कुणाला येत नाही."

साहेबांनी हसत कागद पुढे ओढला. "किती वेळ लागेल तुला?"

"दोन मिनिटं. चहा निवायच्या आत."

"आणि मंगळवारी दुपारी कुठे होतास?"

मामाला आठवेना. तरी तो बोलतच राहिला. तासाभराने तीन पानी जबाब समोर आला. "सही कर आणि घरी जा."

मामाचा चष्मा त्याच्या किल्ल्यांच्या दुकानात राहिला होता. साहेब वाचून दाखवायला तयार नव्हते. मामाने हट्टाने वकील भाचीला फोन लावला.

"मामा, आधी पेन खाली ठेवा. आणि विचारा, मला साक्षीदार म्हणून बोलावलंय की आरोपी म्हणून?"

मामाने विचारलं. साहेब म्हणाले, "सकाळी साक्षीदार होतास."

अर्ध्या तासात भाची आली. तिने तिन्ही पानं वाचली. खोटा एकही शब्द नव्हता. सगळं मामाच बोलला होता.

"सही होणार नाही," ती म्हणाली. "आणि यापुढे ते माझ्याशिवाय एका प्रश्नाचंही उत्तर देणार नाहीत. तो त्यांचा हक्क आहे."

"चोर नाही तर घाबरतो कशाला?" साहेब म्हणाले.

"बोलघेवडे आहेत म्हणून मी घाबरते," भाची म्हणाली.

मामाने कुलूप पुन्हा हातात घेतलं होतं आणि किल्लीच्या भोकाच्या कडेवरून तो नख फिरवत होता. एकदम त्याचे डोळे चमकले. "अगं, पण यात तर..." टेबलाखाली भाचीने त्याच्या पायावर पाय दिला. त्याने कुलूप टेबलावर ठेवलं. साहेबांनी त्याला सोडलं, पण गाव सोडायचं नाही असं बजावून.

रस्त्यावर आल्यावर भाची म्हणाली, "आता बोला. मला सगळं सांगायचं, बाकी कुणाला काही नाही. गुन्हा त्यांनी सिद्ध करायचा असतो, तुम्ही नाही."

"तारेने उघडलं तर माझ्याही हातून भोकाच्या कडेला केसाएवढा ओरखडा उठतो, नखाला लागतो. त्यात तेवढाही नव्हता. किल्लीने उघडलंय ते."

"मग चांगलंच आहे की."

मामा तडक दुकानाकडे निघाला. दुकानात येऊन त्याने चष्मा चढवला. समोर खिळ्याला कोऱ्या किल्ल्यांचे झुबके लटकत होते. महिनाभरात शंभरएक जणांनी तरी जोडकिल्ल्या करून नेल्या असतील. कुणाचं दार, कुठलं कुलूप, त्याने कधीच विचारलं नव्हतं. एक किल्ली त्याने काढली, कानशीवर धरली, परत ठेवली.

घड्याळजीची किल्ली आपणच कुणाला करून दिली असेल, तर आपण साक्षीदार की आरोपी?

त्याने पुन्हा भाचीला फोन लावला.