गिळलेली थुंकी

तंबूत उतरलेल्या पाहुण्यांनी झऱ्याकाठी टाकलेले ओले टिश्यू नोंकिपा काठीच्या टोकानं उचलायची. हातानं नाही. आयुष्यभर तिनं शेणानं घरं लिंपली, अडलेल्या शेळ्या सोडवल्या, बाळंतिणींचं सगळं काढलं, कधी नाक मुरडलं नाही. पण ही पांढरी, अत्तराचा वास मारणारी, आत गू गुंडाळलेली फडकी बघितली की ती तोंड फिरवायची. शेण वाळतं, मातीला मिळतं. हे वर्षभर बाभळीच्या काट्यांवर लोंबत राहतं.

गावचं तळं खारं. असं खारं, की त्याच्या चिखलात तासभर चाललं तर पायाची सालं निघतात. नोंकिपाच्या टाचा बघितल्या तरी कळतं. सून म्हणून आली तेव्हापासून तळ्यातला खार फोडायचा, गाढवावर लादायचा आणि बाजारी न्यायचा, हेच तिचं काम. लोक तो तंबाखूत घालतात. त्या सगळ्या काठाला गोडं पाणी एकाच जागी, कड्याखालच्या झऱ्याला. वर माणसांनी भरायचं, खाली जनावरांनी प्यायचं, धुणं त्याच्याही खाली. हे कुणी लिहून लावलं नव्हतं. शेळ्यांनाही ते कळत होतं.

मग अरुशा शहरातून एलियाकिमु आला आणि त्यानं काठावर वीस तंबू ठोकले. माणसं यायची, रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला चिखलात शिरायची, पाय चुरचुरायला लागले की धावत सुटायची ती थेट झऱ्याच्या तोंडाशी. तिथंच पाय, तिथंच केस, तिथंच साबण. खाली शेळ्यांच्या मिशांना फेस.

"येयो, जाऊ दे गं," तिचा मुलगा सैबुलु म्हणायचा. येयो म्हणजे आई. तो त्याच कॅम्पात वाटाड्या होता. "उघड्यावर बसायची सवय नसते त्यांना."

"बसायची दिसते की सवय. झाकायची नाही."

"आई, पाहुणे आहेत ते."

"पाहुणा यजमानाच्या पाण्यात हागतो होय रे? कुठल्या गावचा?"

सैबुलु हसला. पुढच्याच आठवड्यात तिची गाभण शेळी पोट फुगून मेली, तेव्हा हसला नाही. नोंकिपानं स्वतः पोट फाडलं. आत मुठीएवढा टिश्यूंचा गोळा, आणि त्याला अजून अत्तराचा वास येत होता.

दुसरं कुणी असतं तर तिथंच थुंकलं असतं. तिच्याही तोंडात थुंकी जमली होती. पण थुंकी ही काय किळस आली म्हणून उडवायची वस्तू आहे? लग्नात बाप तिच्या डोक्यावर थुंकला होता, लेकीचं भलं व्हावं म्हणून. पुढं गावात जन्मलेल्या प्रत्येक पोराच्या कपाळावर ती स्वतः थुंकली. सगळं गाव तिला कोको म्हणायचं, आजी. नव्या घराला, नव्या गोठ्याला, परगावी निघालेल्या पोराला कोकोची थुंकी लागायची. म्हणून संताप झाला तरी बाईनं थुंकायचं कुठं? ती टिश्यू काठीनं उचलायची आणि पुढं जायची.

पावसाळ्याआधी एलियाकिमुनं सभा बोलावली. त्याला झऱ्याच्या तोंडाशी सिमेंटचं कुंड बांधायचं होतं, पाहुण्यांना डुंबायला. पुरुषांना खोदकाम मिळणार होतं, म्हणून सगळे जमिनीकडे बघत बसलेले.

"पाणी कुठं जात नाही, कोको," तो म्हणाला. "वर पाहुणे डुंबतील, खाली तुम्ही भरा."

"त्यांच्या बगला धुतलेलं."

"फिल्टर लावू ना."

"बगलांना लाव."

बायका पदर तोंडावर घेऊन हसल्या. एलियाकिमुला रीत माहीत होती, निदान अर्धी तरी. कोको थुंकल्याशिवाय इथं कुदळ पडत नाही, हे त्याला सैबुलुनंच सांगितलं होतं. त्यानं नवी कुदळ पुढं केली, तिच्यापुढं मान वाकवली आणि डोळे घट्ट मिटले, कडू औषध घेताना मिटतात तसे.

नोंकिपा उठली. जवळ गेली. तोंडात थुंकी गोळा केली, सगळ्यांनी बघितली. तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या दुसऱ्या हाताकडे गेलं. ओला टिश्यू. आशीर्वाद पडायच्या आधीच पुसायची तयारी.

तिनं थुंकी गिळली. सुरकुतलेला गळा वर गेला आणि खाली आला.

एलियाकिमुनं एक डोळा उघडला. कपाळ कोरडं. त्याचा चेहरा उजळला. "बघा," तो सभेला म्हणाला, "आजीबाई शिकलेल्यांपेक्षा शहाण्या. माणसाच्या अंगावर थुंकू नये हे त्यांना कळलं. चला, लागा कामाला." त्या टिश्यूनं त्यानं मानेचा घाम पुसला आणि तो बाजूला टाकून दिला.

कुणी हललं नाही. ज्यानं सकाळीच बाह्या सरसावल्या होत्या, त्यानं त्या खाली ओढल्या. एकेक जण काठी टेकत उठला आणि शेळ्यांच्या मागं चालू लागला.

"काय झालं यांना?" एलियाकिमुनं सैबुलुला विचारलं.

"आईनं थुंकी गिळली, साहेब."

"मग बरंच झालं की."

"नाही साहेब. गिळली म्हणजे आशीर्वाद परत घेतला. आता त्या पाण्याला कुणी कुदळ लावणार नाही. मीसुद्धा नाही." सैबुलुनं कॅम्पाची टोपी काढून कुदळीच्या दांड्यावर अडकवली.

एलियाकिमु नोंकिपाकडे वळला. ती टिश्यूपाशी उभी होती. काठी काखेत, हात मोकळे. टिश्यू उचलायला ती वाकली नाही.

"उचल," ती म्हणाली.

त्यानं काठीसाठी हात पुढं केला.

"काठी माझी आहे. तू हातानं उचल."