उतरलेल्या तारा

मंचावर आमचे गिटारचे सर आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी मेधा शेजारी बसून वाजवत होते. सरांवर रोखलेल्या दिव्यांच्या उष्णतेनं त्यांच्या तारा सुरातून किंचित खाली उतरल्या. मीही त्यांच्याकडेच शिकलेलो. ते ऐकून पहिल्या रांगेत अंग चोरून बसलो. एवढासा फरकही त्यांनी आमचा कधी चालवून घेतला नव्हता. आज त्यांना तो ऐकूच येत नव्हता.

रचना संपल्यावर ते म्हणाले, "मेधा, तुझ्या तारा चढल्यात. मिळव."

तिच्या तारा चोख होत्या. सरांचाच सूर चुकला तर काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. सभागृह ताटकळलं. मेधानं सहाही तारा एकेक करून त्यांच्याइतक्या उतरवल्या.

"आता कसं जुळलं," सर म्हणाले. तिनं मान हलवली, शिकताना हलवायची तशीच.