अपेक्षेचा रकाना

हे मी कुणालाच बोलले नाही. आईला नाय, आणि घरात तर जीव गेला तरी नाय. तुम्ही आपल्या वाटता म्हणून — बघते, जमतंय का.

हर्सूलला एका वधू-वर केंद्रात मी कामाला आहे, लग्नाच्या आधीपासून. मुलीची माहिती एकदाच भरायची. मग कुठल्याही स्थळाला पाठवायची असली की तिचा नंबर टाकायचा — बायोडाटाचे रकाने आपोआप भरतात. नाव, शिक्षण, उंची, अपेक्षा. पुन्हा वाचतं कोण?

वर्षा माझी शाळेपासूनची मैत्रीण. देखणी, आणि वरून साधी! त्या साधेपणाचाच मला लई राग यायचा. एवढं दिसायचं अन् त्याचा पत्ताच नाही, असं असतं व्हय कुठं? तिची नोंदणी मीच केली. अपेक्षा विचारली तर हसली, "शेतीवाला असला तरी चालंल गं, माणूस बरा पायजे."

मग पिशोरचं एक स्थळ आलं. मुलगा चिकलठाण्याला कंपनीत, गावी शेती. आईला घेऊन माझ्यासमोरच बसला. पाण्याचा ग्लास परत देताना मला 'ताई' म्हणाला नाही. एवढ्यावरच मी — हसू नका. फोटो बघता बघता तो वर्षापाशी थांबला. किती वेळ थांबला! माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

त्याच्या आईनं वर्षाची माहिती मागितली. उद्या पाठवते म्हणाले. आणि तिच्या नोंदीत, अपेक्षेच्या रकान्यात लिहिलं — शेतकरी कुटुंब नको.

त्यांचा फोन आला नाही. आपल्याकडं नकाराचं कारण कोण तोंडावर सांगतं? पुढं मावशीनं माझंच स्थळ तिकडं सुचवलं. माझ्या हळदीला सगळ्यात जास्त नाचली ती वर्षाच.

तिचं अजून जमलेलं नाही. येईल त्या स्थळाला थोडीफार शेती असतेच, अन् ते गप्प बसतं. संक्रांतीला माझ्या स्वयंपाकघरात ती रडली — "माझ्यात काय कमी आहे गं?" मी तिला जवळ घेतलं. बाहेरून आमचे हे म्हणाले, तिला चहा दे, आलं घालून. वर्षानंच आपल्याला नको म्हटलं, असं यांना अजून वाटतं. तरी आलं! माझ्या चहाची चौकशी कधी केली यांनी?

दुसऱ्या दिवशी केंद्रात तिची नोंद उघडली. एक ओळ खोडायची होती, बस. तेवढ्यात ते चहातलं आलं आठवलं, अन् मी नोंद बंद केली.

परवा जालन्याच्या एका स्थळाला तिचा बायोडाटा गेला. मीच पाठवला. ती ओळ तशीच होती.