कारणाचा रकाना

माझा मामा मैलकुली, म्हणजे ठरावीक लांबीचा रस्ता राखायला नेमलेला माणूस. त्याच्या वाट्याचा रस्ता जेमतेम तीन किलोमीटरचा. शेतांमधून निघतो, दोन टेकड्यांना वळसा घालतो आणि तिसरीवरच्या वस्तीत संपतो. एवढ्याशा रस्त्यावर मामाने एकतीस वर्षं काढली. आई म्हणायची, "दादाचं लग्न वहिनीशी झालं, पण संसार रस्त्याशी." मामी यावर कधी हसली नाही.

मी रस्ते खात्यात इंजिनिअर झालो. पाहणीला त्या रस्त्यावरून गाडीने गेलो, पाच मिनिटांत. औषधालाही खड्डा दिसला नाही. मोठ्या कौतुकाने फॉर्मवर लिहिलं, 'स्थिती : उत्तम.' मामाचं भलं होईल, अशी माझी समजूत. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "उत्तम रस्त्यांवर माणूस कशाला? तिथली पदं रद्द करायचीत. सोमवारी फॉर्म वर पाठवा." शिकल्यासवरल्या भाच्याने मामाच्या पायावर धोंडा पाडला होता.

रविवारी सकाळी तोंड पाडून मामाकडे गेलो. तो निघालाच होता. खांद्यावर फावडं, चपला हातात.

"चल, चालता चालता बोल," म्हणाला.

रस्त्याच्या कडेने तो अनवाणी चालत होता. एका जागी थांबला, टाच दाबली. "इथे पाणी शिरतंय."

मला कोरडी धूळ दिसत होती. मामाने हातभर खणलं, तर खाली चिखल! वरच्या शेतातल्या पाटाचं पाणी झिरपत झिरपत थेट डांबराखाली चाललं होतं. महिन्याभरात तिथे रस्ता खचला असता. मामाने नुसत्या नजरेने उतार धरून चर काढला आणि पाणी बाहेर वळवलं. मला राहवलं नाही. मागे जाऊन गाडीतून लेव्हलचं यंत्र आणून उतार मोजला. अगदी हवा तेवढाच भरला. मामाने यंत्राकडे बघून विचारलं, "आलं का त्याला बरोबर?"

शेवटच्या टेकडीवरून मागे पाहिलं. हिरव्या शेतांमधून, उतारांना बिलगून तो रस्ता उन्हात पडला होता. कुठेही तुटला नव्हता, कुठेही खचला नव्हता. टीचभर जागासुद्धा अशी नव्हती, की जिथे या माणसाची टाच पडली नसेल. पुस्तकांतून शिकलेलं सगळं मला त्या वेळी थिटं वाटलं.

तिथेच खिशातला फॉर्म काढला आणि सगळं सांगून टाकलं. "मामा, मी 'खराब' लिहितो. तुझी नोकरी वाचेल."

मामाने फावडं खाली ठेवलं. "आत्ता काय लिहिलंयस, ते वाच."

"स्थिती, उत्तम."

"परत वाच."

वाचलं.

"एकतीस वर्षांत हे कुणी लिहिलं नव्हतं रे," मामा म्हणाला. "नोकरी गेली तर गेली. पण माझ्या रस्त्याला खराब म्हणालास, तर मामीच्या हातचा चहासुद्धा मिळायचा नाही."

एवढं बोलून तो पुढच्या मोरीतला पाला काढायला उतरला.

आमच्या फॉर्मवर स्थितीच्या खाली कारणाचा रकाना असतो. तो फक्त खराब रस्त्यांसाठी भरायचा, असा नियम. उत्तम रस्त्यालाही कारण असतं, हे खात्यात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. टेकडीवर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून मी लिहिलं, 'कारण : इथला मैलकुली.'

आणि खाली सही केली.