मान आधी हलायची

समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्याची मान हलायची. खाली-वर. आडवी हललेली मी तरी कधी बघितली नाही. तुमच्या गल्लीत असा एखादा असेल तर तुम्हाला ठाऊकच आहे, अशा माणसाशी भांडताही येत नाही.

वडगावात आमच्या भिंतीला लागून त्याचे साड्या विणायचे पावरलूम. मी निपाणीहून सून म्हणून आले तेव्हा तो शाळकरी पोर होता. पुढं सगळ्या गल्लीचा अण्णा झाला. मराठी उमेदवाराची माणसं मतं मागायला आली की "व्हय, व्हय". कन्नड उमेदवाराची आली की "हौद्री, हौद्री". दोन्हीकडचे खूश. एकच साडी, गिऱ्हाईक म्हणायचं काठ जांभळा करा, तिची जाऊ म्हणायची हिरवा. मान दोघींना हलायची, आणि बायको कपाळाला हात लावून बसायची.

मग त्याचं लिव्हर बिघडलं. जुनी कावीळ रक्तात लपून होती म्हणे. आयुष्यात दारूला शिवला नव्हता. गल्लीला त्याचंच जास्त वाईट वाटलं. "फुकट गेलं की वो लिव्हर."

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी त्याच्या बायकोशेजारीच होते. मीठ कमी. डाळ, अंडी सोडायची नाहीत, उपाशी झोपायचं नाही. आणि विचारल्याशिवाय काढा, चूर्ण, पावडर काहीही नाही. "झाडपाल्याचं असो नाहीतर डब्यातलं, निस्तरायला हेच लिव्हर आहे," ते म्हणाले. मान त्यांनाही हलली.

भेटायला माणसं यायला लागली. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आमची रीत. पूर्वी हातात मोसंबी असायची, आता औषध असतं. संकेश्वरच्या मामानं काढा आणला. उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या भाच्यानं ताकदीची पावडर. खानापूरची मावशी म्हणाली, काविळीला डाळ चालत न्हाय, नुसती पेज घे. झालं. बघता बघता दंड काडीसारखे झाले आणि पोट तेवढं फुगलं.

चूर्णाचं मला कुणी शिकवू नये. नवी नवरी होते तेव्हा मी वाळकी शेंग. कुणीतरी अंगावर मांस धरायचं चूर्ण दिलं. मांस राहिलं बाजूला, ओठावर मिशी आली. सासूबाई म्हणाल्या, "आता हिला सून म्हणू का जावई?" तरी मी शहाणीनं डबा पुरा केला.

म्हणून मी त्याच्या दारात खुर्ची टाकली. कुणी पिशवी घेऊन आलं की, "द्या इकडं, मी देते." आणि मोरीत. त्या दिवसांत गल्लीत सगळ्यात धडधाकट आमची मोरीच असेल. पण माणसं संध्याकाळी त्याला फोन करायची, "घेतलं का?" हा सांगायचा, न्हाय. की दुसऱ्या दिवशी पुन्हा आणून थेट त्याच्या हातात.

"अरं, सांग की घेतलं म्हणून."

"खोटं कसं बोलू आक्का? एवढ्या लांबनं आणलंय त्यांनी."

"मग खरं सांग. डॉक्टर नको म्हणालेत."

"मन मोडतंय वो त्यांचं."

"आणि तुझं लिव्हर?"

पिवळ्या डोळ्यांनी तो हसला. मान हलली. "व्हय, तेबी खरंच हाय."

आणि काढ्याचा पेला उचलून माझ्यासमोर प्याला. मी रागानं उठून घरी आले, खुर्चीसकट. नाही म्हणता येत नाही आणि खोटंही बोलता येत नाही. अशा माणसाला देवानं लिव्हर तरी दोन द्यायची होती.

तो गेला. दुखवट्याला माणसं जमली. मावशी म्हणाली, "पेज नीट पाळली न्हाय." मामा म्हणाले, "काढा उशिरा चालू झाला." मी पदराचं टोक दातात धरून बसले, सोडलं असतं तर माझं तोंड सुटलं असतं.

एवढ्यात भाच्यानं पिशवीतनं नवा डबा काढला आणि अण्णाच्या बायकोसमोर ठेवला.

"मामी, तुम्ही लई खंगलाय. रोज सकाळी एक चमचा—"

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तिची मान हलली. खाली-वर. अगदी तशीच.

मी उठले. घरी गेले, खुर्ची उचलली आणि परत त्यांच्या दारात आणून टाकली.