कर्जाऊ शेळ्या आणि आमचे साहेब

नोकऱ्या सगळ्यांनीच केल्या, पण शेळ्या वाटायची नोकरी केलेला आमच्या कट्ट्यावर मी एकटाच! चार जण जमले की 'हं, काढ तुझ्या शेळ्या' हे ठरलेलं. आणि एक काढली की मागून अख्खा कळप येतो, त्याला मी काय करू?

सत्तरच्या दशकात कवठे महांकाळला एका परदेशी संस्थेचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक जीप, गोऱ्या कातडीचे साहेब, मिलिटरीतून रिटायर झालेले ड्रायव्हर गणपतराव आणि मी. बायकांना शेळी कर्जाऊ द्यायची. फेड पैशात नाही. शेळीची पहिली पाट, म्हणजे मादी करडू, गावातल्या पुढच्या बाईला द्यायची. बास.

*

साहेब आधी आफ्रिकेतल्या खेड्यांत हेच काम करून आलेले. मराठी मोडकंतोडकं, पण बिनधास्त बोलायचे. प्रत्येक वाक्याची सुरुवात "आफ्रिकेत आम्ही..."

एकदा भर मे महिन्यात गणपतरावांनी विचारलं, "साहेब, तिकडं बी असंच ऊन असतंय व्हय?"

साहेब घाम पुसत म्हणाले, "नाही. तिकडे बरं होतं!"

*

शेळ्यांचा पहिला ट्रक आला. बायकांनी प्रत्येक शेळीच्या पायावर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं. मग जीपला लावलं. एका म्हातारीनं साहेबांच्याही कपाळाला बोट टेकवलं.

साहेब लय खूश! मला म्हणतात, "आता मला कुणाच्या दारात बांधणार?"

*

नाव लिहिताना वेगळीच गंमत. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, शेजारणीनं सांगायचं. एकीच्या वेळी शेजारणी पण गप्प! त्याच नावाचा कुणाचा सासरा, कुणाचा दीर.

शेवटी एकीनं जीपकडं बोट केलं. "त्या ड्रायव्हरचंच नाव लिवा की!"

*

आणि हौसाबाई. तिची पाट जाणार होती तिच्याच जावेला, रखमाला. वाटणी झाल्यापासून दोघी वर्षानुवर्षं बोलत नव्हत्या.

"मूळ शेळीच परत न्या साहेब. पर तिच्या दारात माझी पाट जानार न्हाई!"

घरात पोरांना दूध होतं ते त्या शेळीचंच. आम्ही हातापाया पडलो. पण नियम तो नियम. बाजाराच्या दिवसापर्यंत पाट द्यायची, नाहीतर शेळी जाणार. साहेबांना त्या रात्री जेवण गेलं नाही, मलाही नाही.

बाजाराच्या दिवशी सगळ्या बायका देवळापुढं जमल्या. हौसाबाई आली. सोबत पाट! माझा जीव भांड्यात पडला.

आमच्याकडं जनावर देताना दावं देत नाहीत, गोठ्यातली लक्ष्मी जाते म्हणतात. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. हौसाबाईनं पाटीच्या गळ्यातलं दावं सोडलं.

रखमा मोकळ्या हातानं उभी. हौसा पाट देईल, असं तिला वाटलंच नव्हतं.

हौसाबाईनं हातातल्या दाव्याकडं पाहिलं. मग तेच परत पाटीच्या गळ्यात बांधलं आणि टोक पुढं केलं. तोंड मात्र दुसरीकडं.

"नुसता मका घालू नगंस. पोट फुगतंय तिचं."

रखमानं दावं धरलं. डोळ्याला पदर लावला आणि फणकारली, "मला काय म्हाईत तिचं पथ्य? सांजचं तूच येत जा की घालायला!"